अडीचशे पावलांवर समुद्र: वाचनालयासाठी लिनक्सचा संगणक निवडताना

वाचनालयाची इमारत जांभ्याची, वर मंगलोरी कौलं, आणि पश्चिमेच्या खिडकीतून थेट समुद्र. चाकरमानी गणपतीत आले की याच खिडकीत बसून फोटो काढतात. संगणकाचं टेबलही आम्ही हौसेने तिथेच ठेवलं होतं. उजेड चांगला येतो म्हणून. पुढची सगळी हकीकत त्या टेबलापासून सुरू होते.

गाव गुहागर तालुक्यातलं, दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेला. वाचनालय सरकारी अनुदानाच्या ‘क’ वर्गातलं, पुस्तकं अकरा हजारांच्या आसपास, पगारी ग्रंथपाल एक. कार्यकारी मंडळात निवृत्त शिक्षक, आंबा बागायतदार, एक माजी पोस्टमास्तर आणि मी. पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून परत आलो, त्यामुळे संगणकाचं जे काही असेल ते माझ्या गळ्यात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. त्या मानाने आम्ही शेंडेफळ, पण दाखलनोंदीच्या वह्या आमच्याही कसरीने खाल्लेल्याच.

संगणक हवा होता तो कोहासाठी. कोहा ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी मुक्त प्रणाली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखांना टिकणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली आणि ३ जानेवारी २००० पासून वापरात आणली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. सॉफ्टवेअर खरोखरच भेट मिळतं, पण त्याचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा मुख्य संगणक, लिनक्स या विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीवर चालतो. तयार पॅकेजं लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू या अवतारांसाठी निघतात. त्यामुळे ‘विंडोज की लिनक्स’ हा वाद आमच्याकडे झालाच नाही. प्रश्न एवढाच होता, की लिनक्स नीट चालेल असा चांगल्या कंपनीचा संगणक कोणता, आणि तो इथे, या हवेत, किती वर्षं टिकेल.

देणगीचा लॅपटॉप

२०२२च्या गणपतीत गावातल्या एका मुंबईकराने नवा कोरा लॅपटॉप देणगी दिला. नामांकित कंपनीचा, पातळ, चंदेरी, दिसायला देखणा. मी त्याच रात्री त्यावर लिनक्स बसवलं.

सुरुवातच अडखळत झाली. इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसेना. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांमध्ये डिस्क आरएसटी नावाच्या पद्धतीखाली लपवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत, जाऊन ती पद्धत बंद केली की डिस्क दिसते. ते केलं. मग वायफाय सापडेना. आतल्या चिपला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तेव्हाच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नव्हता, तो बाहेरून आणून बांधावा लागला. इथपर्यंतही ठीक होतं, एकदाच करायचं काम म्हणून. पण कर्नलचं अपडेट आलं की हा बाहेरचा ड्रायव्हर कधी बांधला जाई, कधी नाही. मग ग्रंथपाल ताईंचा सकाळी नऊ वाजता फोन: “अरे, आज परत ते जग गेलंय.” जग म्हणजे वायफायचं चिन्ह. झाकण मिटून उघडलं की चारपैकी एका वेळी पडदा काळाच राही. बोटाच्या ठशाचा सेन्सर तर कधीच चालला नाही, पण त्याची कुणाला गरजही नव्हती.

हे सगळं मी निभावलं असतं. निभावता आली नाही ती हवा. पहिला पावसाळा संपेपर्यंत यूएसबीच्या खाचांच्या कडा हिरवट झाल्या. बिजागरीचे स्क्रू तांबूस झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात बिजागरीने झाकणाचं प्लॅस्टिक उखडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये एक दिवस तो सुरूच झाला नाही. सेवा केंद्राने सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल. रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली, म्हणजे तीही गेली. खर्च ऐकून खजिनदारांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर पडवीत जाऊन उभे राहिले.

दोष कंपनीचा होता असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या बंद खोलीत तोच लॅपटॉप पाच वर्षं चालला असता. चूक आमची होती: आम्ही कंपनीचं नाव बघितलं, वस्तू बघितली नाही.

एकाच कंपनीची दोन घरं

ही गोष्ट मला पुण्यात असताना माहीत होती, पण ती ऑफिसची खरेदी करणाऱ्यांची म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. डेल, लेनोवो, एचपी या तिघांचीही दोन-दोन घरं आहेत. एक घरगुती ग्राहकासाठी: मॉलमध्ये आणि ऑनलाइन सेलमध्ये मिळणारं, दर सहा महिन्यांनी रूप बदलणारं. दुसरं कचेऱ्यांसाठी: डेलचं ऑप्टिप्लेक्स आणि लॅटिट्यूड (२०२५ पासून नवी मॉडेलं ‘डेल प्रो’ या नावाने), लेनोवोचं थिंकसेंटर आणि थिंकपॅड, एचपीचं प्रोडेस्क, एलिटडेस्क, एलिटबुक. नावाची पाटी एकच, पण आतला व्यवहार वेगळा.

घरगुती मालिकेत एकाच मॉडेल क्रमांकाच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या वायफाय चिप निघू शकतात. त्या महिन्यात जी स्वस्त मिळाली ती. विंडोज आधीच घालून दिलेलं असतं, त्यामुळे ग्राहकाला फरक कळत नाही; लिनक्सवाल्याला मात्र तोच फरक नडतो. कचेरीच्या मालिकेत एका कंपनीला दोन हजार संगणक एकसारखे हवे असतात, म्हणून सुटे भाग सहसा सारखे राहतात, आणि वायफाय असलं तर पुष्कळदा इंटेलचं असतं, ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. रॅम आणि डिस्क स्क्रू काढून बदलता येते. दुरुस्तीची पूर्ण पुस्तिका, प्रत्येक सुट्या भागाच्या क्रमांकासह, कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. आमच्यापासून चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर. इथला माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः उघडणारच आहे. तर निदान कुठला स्क्रू आधी काढायचा ते तरी त्याला कळावं.

या मालिकांचं लिनक्सशी नातंही जुनं आहे. थिंकपॅड आयबीएमने १९९२ मध्ये आणलं. २००५ मध्ये आयबीएमचा संगणकाचा धंदा लेनोवोने घेतला. डेलने २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट स्पुटनिक’ या नावाने उबुंटू घातलेला एक्सपीएस १३ विकसकांसाठी काढला. २०२० मध्ये लेनोवोने आपल्या वर्कस्टेशन मालिका उबुंटू आणि रेड हॅटसाठी प्रमाणित करण्याचं जाहीर केलं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलची प्रमाणित संगणकांची यादी खुली आहे आणि ती कंपनीवार नाही, मॉडेलवार आहे. ती वाचताना एक मात्र सांभाळायचं: प्रमाणपत्र ठरावीक आवृत्तीसाठी आणि ठरावीक सुट्या भागांसाठी असतं. कधीकधी ते कंपनीसाठी खास बनवलेल्या कर्नलवर दिलेलं असतं, आणि आपण डेबियन टाकणार असू तर तो कर्नल आपल्याकडे नसतो.

दुसरी गोष्ट फर्मवेअरची, म्हणजे बायोससारख्या, यंत्राच्या आतच बसवलेल्या प्रणालीची. पूर्वी बायोसचं अपडेट म्हणजे विंडोजची ईएक्सई फाइल. लिनक्सवाल्याने बसायचं हात चोळत. आता रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेली एलव्हीएफएस ही सेवा आहे, आणि डेल, लेनोवो, एचपी तिघंही आपल्या बऱ्याच कचेरी-मॉडेलांचं फर्मवेअर तिथे टाकतात. लिनक्समधली एफडब्ल्यूअपडी ही प्रणाली ते उतरवते आणि बसवते. एखादं मॉडेल तिथे आहे का, हे घरबसल्या पाच मिनिटांत बघता येतं.

केवळ लिनक्ससाठी संगणक बनवणाऱ्या कंपन्याही आहेत: डेन्व्हरची सिस्टिम७६, जर्मनीतली टक्सेडो. मला त्यांचा मोह झाला. मग गुहागरातून अमेरिकेला अडॅप्टर दुरुस्तीला पाठवण्याचं चित्र डोळ्यांपुढे आणलं आणि तो विषय तिथेच सोडला.

चार दुकानं

जानेवारी २०२४ मध्ये मंडळाने पंचावन्न हजार मंजूर केले. अट अध्यक्ष गुरुजींची: जीएसटीचं पक्कं बिल हवं, आणि वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली पाहिजे. अनुदानाच्या हिशेबात जुनी वस्तू दाखवली तर ऑडिटवाला विचारणार, ही नवी का नाही?

पहिलं दुकान चिपळूणचं. मालकाने जुळवलेला संगणक सुचवला: मोठं कॅबिनेट, पुढे तीन पंखे, निळे दिवे. किंमत चांगली, माणूस माहितीतला, आणि बिघडला तर “मी आहे ना” हे आश्वासन. खरं सांगायचं तर कोकणात हे आश्वासन कुठल्याही छापील वॉरंटीपेक्षा जड असतं. पण त्या तीन पंख्यांकडे बघून मला समुद्रच दिसला. पंखा म्हणजे खारी हवा आत ओढायचा पंप. मिठाचे कण धुळीला चिकटतात, पावसाळ्यात ती धूळ ओल धरते, आणि बोर्डावर ओलं मीठ म्हणजे विजेला नको तिथे वाट. शिवाय एकेक भाग वेगळ्या कंपनीचा, म्हणजे लिनक्सच्या सुसंगतीची खातरजमा एकेका भागाची वेगवेगळी.

दुसऱ्या दुकानात घरगुती मालिकेचा डेस्कटॉप. मी डेबियन १२चा पेनड्राइव्ह खिशातून काढला तसा विक्रेता दचकला. “सर, व्हायरस-बिरस?” मी म्हटलं, फक्त त्यावरून चालू करून बघतो, आत काही लिहीत नाही. तो म्हणाला, “लिनक्स टाकलंत तर वॉरंटी जाईल.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावर वाद घालत नाही. हार्डवेअरची वॉरंटी हार्डवेअरची असते. अडचण येते ती वेगळी: फोनवरचा माणूस विंडोजमधली चाचणी चालवायला सांगतो. कचेरीच्या मालिकांत ही चाचणी बायोसमध्येच असते. डेलमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ२ दाबून विंडोजशिवाय चालते आणि सापडलेल्या बिघाडाचा क्रमांक पडद्यावर देते. तो क्रमांक सांगितला की पुढे कुणी काही विचारत नाही. इथे मात्र तो विचारच नको म्हणून बाहेर पडलो.

तिसरं दुकान रत्नागिरीत, कचेऱ्यांना माल पुरवणाऱ्याचं. इथे पहिल्यांदा कुणी मला ‘किती नग?’ असं विचारलं. मी ‘एक’ म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला, पण माणूस सज्जन होता. त्याने ‘मिनी’ दाखवला. डेलमध्ये याला मायक्रो म्हणतात, लेनोवोत टायनी. जाड पुस्तकाएवढा डबा, आत एकच छोटा पंखा, प्रोसेसर बहुधा पस्तीस वॉटचा, आणि वीज लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरवर.

या अडॅप्टरवर मी जरा थांबेन, कारण निर्णय निम्मा त्यानेच केला. त्यावर लिहिलेलं असतं: १०० ते २४० व्होल्ट. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज एकशेसत्तर-ऐंशीवर येतं. ट्यूब लुकलुकते, मिक्सर रडतो. या अडॅप्टरला त्याचं काही सोयरसुतक नाही. विजेच्या झटक्याने काही जळलंच तर आधी तो जळण्याची शक्यता जास्त, आणि तो हजार-दीड हजारात मिळतो. संगणक शांत बसलेला असताना दहा-पंधरा वॉट खातो. पडदा धरून पस्तीसच्या आसपास. साध्या यूपीएसमधल्या बारा व्होल्ट, सात अँपिअरच्या बॅटरीत हिशेबाने चौऱ्याऐंशी वॉट-तास असतात. सगळे हाती लागत नाहीत, पण पाऊण तास आरामात निघतो. मोठ्या कॅबिनेटवर हाच यूपीएस दहा-बारा मिनिटांत शिट्टी मारायला लागे.

पेनड्राइव्ह लावला. एलएसपीसीआय ही आज्ञा दिली आणि प्रत्येक भागापुढे कर्नलचा ड्रायव्हर लागलेला आहे का ते एकेक ओळ वाचून बघितलं. डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नलच्या संदेशांतल्या, लाल ओळी बघितल्या. पाच वेळा झोपवून पाच वेळा उठवला. आवाज, दोन्ही बाजूंच्या यूएसबी, नेटवर्कची तार. दुकानदाराने चहा मागवला. माझं संपेपर्यंत दुसरा मागवावा लागला.

चौथी जागा दुकान नव्हती. मुंबईतला एक ओळखीचा कचेऱ्यांनी काढून टाकलेले संगणक घेऊन, साफ करून, बिलासह विकतो. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेलं होतं. त्यामुळे कचेऱ्या जुना माल काढायला लागल्या होत्या. लिनक्सला सहाव्या-सातव्या पिढीचंही वावडं नाही. पण त्याच्याकडे आठव्या पिढीचा थिंकसेंटर टायनी, आठ जीबी रॅमचा, चौदा हजारांत होता. मी डिस्कचे चालू तास विचारले. ते लिनक्समध्ये स्मार्टसीटीएलने दिसतात. त्याने फोटो पाठवला. तास जास्त होते, म्हणून डिस्क नवीच घालायची ठरवली.

मंडळाची सभा

मी मांडलं: नवा एक घेण्यापेक्षा जुने दोन एकसारखे घेऊ. एक चालू, एक राखीव. सेवा अभियंता रत्नागिरीहून येईपर्यंत आठवडा जातो. राखीव डबा कपाटात असला तर काम अर्ध्या तासात सुरू.

गुरुजी म्हणाले, “अरे, संगणक घेतोयस की होडी? होडीलासुद्धा वल्ही दोन असतात, होड्या दोन नसतात.”

खजिनदारांना मात्र पटलं होतं, कारण त्यांच्या बागेत पंप दोन आहेत. माजी पोस्टमास्तरांनी तोडगा काढला, तो पोस्टात आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचावा असा. अनुदानातून नवा कचेरी-मालिकेतला मिनी घ्यायचा, पक्क्या बिलाचा, तीन वर्षांच्या घरपोच वॉरंटीचा. जुना टायनी देणगीच्या पैशांतून घ्यायचा आणि तो वाचकांसाठी पुस्तक शोधायला ठेवायचा. पहिला पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. माझं ‘एकसारखे दोन’ हे तत्त्व त्यात अर्धं मोडलं. तरी दोन्हींत रॅम आणि डिस्क एकाच जातीची घेता आली.

नवा कुठल्या कंपनीचा, हे मी इथे लिहीत नाही. ठरवलं ते एका फोनने. तिन्ही कंपन्यांच्या टोल-फ्री क्रमांकावर आमचा पिनकोड सांगून विचारलं: घरपोच वॉरंटीत अभियंता इथे येतो का? एकीने ‘हो, दोन ते तीन दिवसांत’ सांगितलं, एकीने ‘ग्राहकाने केंद्रात आणावं’ म्हटलं, एकीने फोन होल्डवर ठेवला. वाचणाऱ्याच्या पिनकोडला हीच उत्तरं उलटी मिळू शकतील. खरेदी एप्रिलअखेर झाली, आगोटीच्या सामानाबरोबर. नवा, टायनी, टायनीची नवी डिस्क आणि यूपीएस धरून चौपन्न हजार आठशे रुपये, पैकी चौदा हजार देणगीतले. पडदा, कीबोर्ड जुनेच. प्रिंटरचा प्रश्न मी मुद्दाम सोडला. बारकोडच्या पट्ट्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतो. बारकोड वाचायचं यंत्र लिनक्सला कीबोर्डच वाटतं, त्याला ड्रायव्हर लागत नाही.

टेबल हलवलं

पहिलं काम: टेबल पश्चिमेच्या खिडकीतून उचलून पूर्वेच्या भिंतीशी नेलं. दुपारनंतरचा खारा वारा आता पुस्तकांच्या दोन रांगा ओलांडून येतो. खिडकीत वाचकांसाठी बाक टाकला, ते खूश.

दुसरं, डबा जमिनीपासून चार फुटांवर फळीवर. २२ जुलै २०२१ला चिपळुणात जो पूर आला त्यानंतर या भागात कुणी यंत्र खाली ठेवत नाही, डोंगरउतारावर घर असलं तरी.

तिसरं, संगणक पावसाळाभर बंद करायचाच नाही. ताईंना हे विजेची नासाडी वाटे. पण चालू डबा किंचित कोमट राहतो आणि कोमट वस्तूवर दव धरत नाही. आमच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर मीठ-मिरची का ठेवतात, हे त्यांना सांगितल्यावर पटलं. वापरात नसलेल्या यूएसबी खाचांना रबरी बुचं. दिवाळीच्या सफाईत झाकण उघडून मऊ ब्रशने पंखा, आणि रॅमचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पहिल्या दिवाळीत उघडलं तेव्हा आत मुंग्यांची अंडी निघाली. त्यावर कुठल्याच कंपनीच्या पुस्तिकेत उपाय दिलेला नाही. आम्ही फळीच्या पायांना रॉकेलचा बोळा लावला.

बायोसमध्ये एक सेटिंग केलं: वीज गेल्यावर परत आली की आपोआप सुरू हो. कचेरी-मालिकेत हे हमखास असतं. आमच्याकडे लाइट दिवसातून चार वेळा गेली तरी ताई संगणकाच्या बटणाला हात लावत नाहीत.

प्रणाली डेबियन १२. जून २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्येच असतं, त्यामुळे वायफायसाठी दुसरा पेनड्राइव्ह शोधावा लागत नाही. आणि सुरक्षा दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. कोहाचा शोध मराठीत नीट लागेना, तेव्हा त्याच्या झेब्रा या सूचीकाराला आयसीयू या युनिकोड अक्षरं हाताळणाऱ्या संचाची जोड दिली. ताई इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकल्या. ‘ऱ’ शिफ्ट धरून ‘र’च्याच कळीवर मिळतो, हे कळल्यावर त्यांनी पहिला शब्द टाइप केला तो ‘किनाऱ्यावर’. जुन्या फॉन्टमधल्या याद्या युनिकोडमध्ये आणताना जे हाल झाले ते सांगायला वेगळा लेख लागेल.

परतीचा पाऊस

ऑक्टोबर २०२४. परतीच्या पावसातल्या विजा मृगातल्यांपेक्षा वाईट. संध्याकाळी एक इतकी जवळ पडली, की समोरच्या माडाचा शेंडा काळा झाला. वाचनालयातला फायबरचा डबा गेला, राउटर गेला, आणि तारेतून येऊन विजेने नव्या संगणकाचं नेटवर्कचं भोक जाळलं. अडॅप्टर वाचला, यूपीएस वाचला. मी सगळी तयारी विजेच्या तारेकडून केली होती. वीज आली इंटरनेटच्या तारेने. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं म्हणून आम्ही खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओततो, पण राउटरचं त्या अर्थिंगशी काही नातंच नव्हतं.

संगणक सुरू होत होता, पण बोर्डाची आणखी कुठली बाजू दुखावली आहे कळेना. म्हणून डिस्क काढून वाचकांच्या टायनीत घातली. लिनक्समध्ये हे सहसा सरळ जातं. डेबियन आपल्या बूट-प्रतिमेत बहुतेक सगळे ड्रायव्हर ठेवतं, त्यामुळे नव्या घरात गेलेली डिस्क बावरत नाही. मी हे गुरुजींना मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं. बटण दाबलं. टायनी म्हणाला, बूट करण्याजोगं काही नाही.

घाम फुटला. मग आठवलं: यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या नव्या रूपात, ‘कुठून बूट करायचं’ ही नोंद डिस्कवर नसते, बोर्डावर असते. ती जुन्या बोर्डावर राहिली होती. डेबियन आपला ग्रब, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, डिस्कवरच्या ठरलेल्या सार्वत्रिक जागी आपोआप ठेवत नाही. तसं त्याला बजावून सांगावं लागतं, आणि मी सांगितलेलं नव्हतं. पेनड्राइव्हवरून चालू करून ते केलं. पंधरा मिनिटं. आता बूट झालं, पण नेटवर्क नाही: नव्या बोर्डावर तारेच्या खाचेचं नाव वेगळं, आणि मी संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता जुन्या नावाला बांधून ठेवलेला. तेही बदललं. कोहा उघडला, आदल्या रात्रीची राखीव प्रत वापरायची गरजच पडली नाही. ताईंनी पहिलं पुस्तक दिलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि वाचक तो फायबर दुरुस्त करायला आलेला मुलगा होता.

गुरुजी पडवीत बसून हे बघत होते. “दुसरी होडी बरी पडली,” एवढंच म्हणाले.

अभियंता कबूल केल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आला. बायोसमधली चाचणी चालवली. नेटवर्क सोडून सगळं धड. विजेचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे त्याने सांगायच्या आधीच मला माहीत होतं. नवा बोर्ड घेण्याऐवजी सातशे रुपयांचा यूएसबी ते लॅन जोडतुकडा लावला. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, लावल्याबरोबर चालला. तो संगणक आता वाचकांसाठी आहे आणि टायनी सर्व्हर झालाय, म्हणजे अनुदानातला नवा डबा वाचकांकडे आणि देणगीतला जुना गादीवर. दोन्ही डिस्कवर ग्रब सार्वत्रिक जागी ठेवलाय आणि पत्ता आता खाचेच्या नावाला बांधलेला नाही. राउटर आणि संगणक यांच्यातली तार वादळाची चाहूल लागली की ताई स्वतः उपसतात. त्यासाठी तिला लाल रिबन बांधली आहे.

२०२५चा पावसाळा दोघांनीही काढला. दिवाळीत झाकणं उघडली: टायनीच्या मागच्या दोन स्क्रूंना गंज, बाकी स्वच्छ, मुंग्या नाहीत. ऑडिटमध्ये एकच शंका निघाली. डेडस्टॉक रजिस्टरला ‘संगणक, नग १’ असं आहे आणि प्रत्यक्षात टेबलांवर दोन दिसतात, त्यांपैकी ‘सर्व्हर’ अशी चिठ्ठी लावलेला रजिस्टरला नाहीच. खजिनदारांनी देणगीची पावती दाखवली. यूएसबीचा जोडतुकडा मात्र कुठल्या सदरात टाकायचा ते अजून ठरलेलं नाही. सध्या तो ‘किरकोळ, खराटे व सुतळी’ यात आहे.